सात वाजताची वही

आईच्या हातांची पकड मोजण्यासाठी मी रक्तदाबाचे यंत्र वापरत असे. पद्धत सोपी होती. दंडाला बांधायचा पट्टा गुंडाळून त्याची वळकटी करायची, तिच्यात थोडी हवा भरून पारा वीसच्या रेषेवर आणायचा आणि मग आईने ती वळकटी एका मुठीत धरून जमेल तितक्या जोराने दाबायची. पारा कुठवर चढला ते मी वहीत लिहीत असे. उजवा हात निळ्या शाईने, डावा लाल शाईने. त्यांच्या शेजारी तिसरा आकडा: उठल्यापासून किती मिनिटांनी बोटे सैल झाली. पकड रोज सकाळी बरोबर सात वाजता, उठल्या उठल्या, चहाच्या आधी. मोजमापाची वेळ बदलली की मोजमापाला अर्थ राहत नाही, असे मला एम.एस्सी.च्या पहिल्याच महिन्यात शिकवले होते, आणि मी ते घरी येऊन लगेच लागू केले होते.

यंत्र मी आमच्या कानडी शहरातल्या शिवाजीनगरला जुने सामान विकणाऱ्या एका दुकानातून आणले होते. आईला त्याचे कौतुक होते आणि थोडी भीतीही. वळकटी दाबताना ती ओठ आत ओढून घेई, पाऱ्याकडे न पाहता माझ्याकडे पाही आणि पारा थांबला की विचारी, “किती मार्क?”

“मार्क नाहीत गं ते. नव्वद.”

“शंभरात?”

“शंभरात नाही. नुसते नव्वद.”

“मग पास का नापास, तेवढं सांग की.”

यात पास-नापास काही नसते, हे मी तिला पुष्कळदा समजावले. पण समजावत होते ते तोंडाने. आकडा चांगला आला की मी वही मिटून तिच्या गालाला हात लावी. वाईट आला की काही न बोलता रेघ मारी. पास-नापासचा हा निकालही तिथेच लागत होता, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

बसवनगुडीत, बाजारामागच्या गल्लीत, माझ्या वडिलांचे शिवणकामाचे दुकान होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, आणि सारी गल्लीही. दुकानामागे दोन खोल्या: पुढच्या खोलीत मी आणि माझी पुस्तके, मागच्या खोलीत आई-अण्णा आणि स्वयंपाकाचा ओटा. कापड बेतणे आणि मशीन अण्णांचे. काज, हुक आणि हातशिलाई आईची. तिच्या काजांचा असा लौकिक होता की काही गिऱ्हाइके शर्ट दुसरीकडे शिवून काज तेवढे आमच्याकडे करून घेत.

त्यामुळे तिचा आजार प्रथम ओळखला तो अण्णांनी, आणि तोही काजांवरून. टाके एकमेकांपासून दूर पडू लागले होते. दुपारी दुकानात कोणी नसताना ते टाके अण्णा उसवत आणि पुन्हा स्वतः घालत. आईला म्हणाले काहीच नाहीत. आईने एका शर्टावरचे काज पाहून ते आपले नव्हेत हे ओळखले. तीही काहीच बोलली नाही. असे तीन महिने गेले. आमच्या घरात कोणी कोणाला दुखवत नाही. त्याचा परिणाम असा की कोणाला काही कळतही नाही.

शेवटी एका सकाळी तिला नळ सोडता येईना, तेव्हा आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणजे मध्यमवयीन, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. संधिवाताचा हा प्रकार असा, त्यांनी सांगितले, की शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांच्या अस्तराला शत्रू समजते. मला हे पाठ होते. परीक्षेत मी त्यावर चांगले उत्तर लिहिले होते. अण्णांनी विचारले, “गोळ्या किती दिवस?” डॉक्टर म्हणाल्या, “कायम.” अण्णांनी मान डोलावली. परतताना बसमध्ये, दोन थांबे गेल्यावर, त्यांनी मला हळूच विचारले, “कायम म्हणजे साधारण किती गं?”

तोवर आजार हा शब्द मी ताप, गोवर, कावीळ यांच्या अर्थाने वापरत होते. म्हणजे येतो, राहतो, जातो. हा आजार जाण्यासाठी आलेला नव्हता. तो आला आणि घरातल्या वस्तूंनी आपल्या जागा बदलल्या. बादल्या अर्ध्याच भरल्या जाऊ लागल्या. डब्यांची झाकणे नुसती वर ठेवली जाऊ लागली. कडीला सुतळीचा फास आला, म्हणजे बोटांऐवजी मनगटाने ओढता यावी. आईने यातले काहीही मागितले नव्हते आणि अण्णांनी काहीही विचारले नव्हते. ते गुपचूप करत आणि आई गुपचूप वापरे.

वेणी मात्र गुपचूप घालता येत नाही. हात डोक्यामागे जाईनात तेव्हा अण्णांनी फणी हातात घेतली. पहिल्या दिवशी पाडलेला भांग पट्टी ठेवून खडूने आखल्यासारखा होता. आईने आरशात पाहिले.

“अहो, डोकं आहे हे. ब्लाऊजची पाठ नव्हे.”

“हलू नकोस. मधोमध आलं नाही तर गिऱ्हाईक ओरडतं.”

“मग गिऱ्हाइकाला विचारा तरी, मधोमध हवंय का!”

चपात्यांचेही तसेच झाले. अण्णांच्या चपातीला कोपरे येत. “ही कॉलर का बाही?” आई विचारी. “खिसा आहे,” अण्णा सांगत, “भाजी आत घाल आणि खा.” मी त्या दोघांना हसताना ऐके आणि मनात नोंद करी की रुग्णाची मनःस्थिती उत्तम आहे. नोंद चुकीची नव्हती, अपुरी होती.

वरच्या मजल्यावर एक अक्का राहत. त्या रोज दुपारी वाटीत तेल घेऊन खाली येत आणि आईची मनगटे चोळत बसत. “स्वल्प तेल जिरू दे, आठ दिवसांत सरी होईल,” म्हणजे ठीक होईल, हे त्या आपल्या कानडी वळणाच्या मराठीत दीड वर्ष सांगत होत्या. मी एकदा आईजवळ चिडले. तेलाने आतल्या अस्तराला काहीही होत नाही, हे तिला सविस्तर सांगितले.

“ठाऊक आहे,” आई म्हणाली. “पण ती चोळते तेव्हा ती तिच्या सुनेबद्दल सांगते. तू मोजतेस, ती चोळते. दोन्ही चालू दे.”

त्या वर्षी फेब्रुवारीत दिल्लीच्या एका संशोधनसंस्थेचे पत्र आले. पीएच.डी.साठी माझी निवड झाली होती. जुलैत हजर व्हायचे होते; होकार जूनअखेरपर्यंत कळवायचा होता. मला ती जागा हवी होती. हे सौम्य शब्दांत मांडण्यात अर्थ नाही. मला ती अतोनात हवी होती. पण दिल्ली म्हणजे रेल्वेने दोन रात्रींचा प्रवास. शनिवारी निघून रविवारी आईची वेणी घालायला येता येईल असे ते अंतर नव्हते.

मी प्रश्न सोडवायला घेतला तो मला येत होत्या त्या पद्धतीने. रविवारी जेवताना मी जाहीर केले: पुढचे तीन महिने वहीतले आकडे सुधारले किंवा निदान स्थिर राहिले तर मी जाईन, घसरले तर जाणार नाही. ही अट मला अत्यंत न्याय्य वाटली होती. तिच्यात भावनेला कुठे जागाच नव्हती. अण्णांनी आईकडे पाहिले. आईने ताटातला भात एकदा सारून घेतला आणि म्हणाली, “सरी.”

मार्चपासून आकडे चढू लागले. नव्वदाचे शंभर झाले, शंभराचे एकशे दहा. बोटे सैल व्हायला लागणारा वेळ दीड तासावरून वीस मिनिटांवर आला. आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी डॉक्टरांनी डिसेंबरात सुरू केली होती आणि तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, हे मी वाचले होते. म्हणजे कारणही हाताशी होते आणि परिणामही. मी आलेखाच्या कागदावर दोन रेषा काढल्या, निळी आणि लाल. दोन्ही वर जात होत्या. एप्रिलमध्ये पाच दिवस त्या एकदम खाली आल्या होत्या. मी त्या बिंदूंभोवती पेन्सिलीने गोल काढून बाजूला लिहिले, ‘कारण अज्ञात’, आणि पुढे गेले. हवा तसा आलेख समोर आला की माणूस त्याला प्रश्न विचारत नाही, हे मला कोणत्याही वर्गात शिकवलेले नव्हते.

मेमध्ये मी वही आणि आलेख घेऊन आई-अण्णांबरोबर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आईची मनगटे बराच वेळ हातात धरली.

“अजून गरम लागतात,” त्या म्हणाल्या. मग वहीची पाने उलटली. “पण हे तर चांगलं दिसतंय. सकाळी वीसच मिनिटं?”

“वीस,” आई म्हणाली.

“मुलीने वही फार छान ठेवली आहे हो तुमच्या.”

आईने अण्णांकडे पाहिले. अण्णांनी छताच्या पंख्याकडे पाहिले. डॉक्टरांनी सूज दाबण्यासाठी चालू असलेली स्टेरॉइडची गोळी हळूहळू कमी करायला सांगितली. स्टेरॉइड कमी होणे चांगलेच, असे आम्ही सगळेच मानत होतो, आणि बाहेर पडताना मला वाटले की त्या कमी झालेल्या अर्ध्या गोळीत माझ्या वहीचाही वाटा आहे. तो होताच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई उठली नाही. मनगटे, गुडघे, पावले, सगळे एकदम सुजले होते. अंगावरची चादरही तिला जड होत होती आणि ती बाजूला करायला बोटे वळत नव्हती. अण्णा बशीत चहा ओतून तिच्या ओठांशी धरत होते. बरोबर सात वाजता मी यंत्र घेऊन तिच्याजवळ गेले.

“आज नको,” ती म्हणाली.

आणि मी म्हणाले, “आजचाच तर आकडा हवा.”

तिने वळकटी धरली. पारा जरासा हलला आणि थांबला. मी आकडा लिहिला. वर पाहिले तर ती नेहमीसारखी माझ्याकडेच बघत होती.

“बघ,” ती म्हणाली. “पडला चेहरा.”

डॉक्टरांनी औषध पुन्हा वाढवले. दुपारी आई झोपली तेव्हा मी वही घेऊन दुकानात अण्णांच्या समोर बसले आणि मागच्या साडेतीन महिन्यांची पाने पुन्हा तपासू लागले. औषध कमी केल्यावर एवढे बिघडत असेल तर आधी एवढे चांगले होतेच कसे? सारा आलेख गुळगुळीत होता. खटकत होते ते एप्रिलमधले पाच दिवस. मी अण्णांना तारखा वाचून दाखवल्या आणि विचारले, या दिवसांत घरात काही वेगळे झाले होते का.

अण्णांनी कात्री खाली ठेवली. “गॅस संपला होता. सिलिंडर सहाव्या दिवशी आला.”

“त्याचा काय संबंध?”

ते बराच वेळ कापडावरची सुरकुती सरळ करत राहिले. मग एकेक करून सांगू लागले. आई रोज पाचला उठत होती. अण्णा गॅसवर पाणी तापवून पातेल्यात मीठ घालत. ती अर्धा तास हात त्यात बुडवून बसे. मग दुखण्यावरची गोळी. मग चिंध्यांचा एक चेंडू अण्णांनी शिवून दिला होता, तो ती दाबत राही. पावणेसातला ती परत अंथरुणात शिरून पांघरूण ओढून घेई. मी सातला गेले की ती डोळे उघडी, जांभई देई आणि वीस मिनिटांनी म्हणे, आता बोटे सुटली. ते पाच दिवस गॅस नव्हता, म्हणून पाणी नव्हते.

“स्टोव्ह होता की.”

“स्टोव्हचा आवाज किती मोठा. तू उठली असतीस.”

मला त्या क्षणी हसू यावे की रडू, हे ठरवता आले नाही. चौपन्न वर्षांचा माणूस आणि पन्नाशीची आजारी बाई रोज पहाटे पावले न वाजवता वावरत होती, पुढच्या खोलीतल्या मुलीला खोटे आकडे मिळावेत म्हणून. ती जांभईसुद्धा मी एकदा नोंदवली होती: ‘झोप शांत’.

“तुम्ही तरी सांगायचं, अण्णा.”

“काय सांगायचं? तू अट घातलीस. ती म्हणाली, पोरगी माझ्यापायी अडकते आहे, पाणी तापवा. मी तापवलं.” मग ते गळ्यातल्या टेपचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाले, “रागावू नकोस. माप घेताना गिऱ्हाईक पोट आत ओढून घेतं. प्रत्येक जण घेतं. ते खोटारडे नसतात. टेप समोर दिसली की होतंच तसं. म्हणून मी आधी टेप गळ्यातच ठेवतो. मुलाची परीक्षा कशी झाली, आंब्याचा भाव काय, असं काहीबाही विचारतो. ते बोलायला लागले की पोट सैल सुटतं. मग घेतो माप. तू रोज टेप हातात घेऊनच समोर बसायचीस.”

प्रयोगशाळेत मला चूक दाखवून देणारे पुष्कळ भेटले आहेत, त्याआधी आणि नंतरही. इतक्या नेमकेपणाने कोणी दाखवलेली नाही.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना सगळे सांगितले. मला वाटले होते त्या आईला रागावतील. त्या फक्त म्हणाल्या, “तुझी वही खोटी नव्हती. ती सात वाजताची होती. मला पाच वाजताची लागते.” मग आईकडे वळल्या. “आणि तुम्ही, तुम्ही परीक्षेला बसला होता का?”

“मी नाही हो, ही बसली होती,” आई म्हणाली. “मी कॉपी पुरवत होते.”

घरी आल्यावर मी सांगितले की दिल्लीला नकार कळवते. होकाराची मुदत संपायला आठ-नऊ दिवस होते. आकडे घसरले होते. अट स्पष्ट होती. आई उशीला टेकून बसली होती. ती इतकी चिडलेली मी क्वचितच पाहिली असेल.

“मग मी पहाटे उठले ते कशासाठी?”

“पण ते खोटं होतं ना!”

“आकडे खोटे असतील. उठणं खरं होतं.” ती उशीपासून पुढे सरकली. “नीट ऐक. तू गेलीस तर मी बरी होणार नाही. राहिलीस तर होईन का?”

मी हातातली वही उघडली.

“शास्त्र शिकलीस ना? सांग. होईन का?”

“नाही.”

“मग तुझ्या जाण्या-राहण्याचा याच्याशी काय संबंध? डॉक्टर म्हणाल्या कायम. कायम बसणार आहेस का इथे, यंत्र घेऊन? आणि तू माझ्यामुळे राहिलीस ना, तर सकाळी जाग आली की मला आधी तेच आठवेल. बोटांच्याही आधी.”

या युक्तिवादात मला एकही छिद्र सापडले नाही, आणि मी खरोखर शोधले. शेवटी मी म्हणाले की मला आकड्यांची भीती वाटत नाही. भीती वाटते ती याची, की दोन हजार किलोमीटरांवर बसून मी ‘सगळं ठीक’ असे वाचत राहीन आणि इकडे कोणीतरी पाणी तापवत असेल.

 “बरं,” आई म्हणाली, “खरं कळवीन. पण मग तूही चेहरा पाडायचा नाहीस.”

“दिल्लीतून चेहरा दिसत नाही.”

“मला दिसतो.”

मी होकार कळवला. उरलेले दिवस मी यंत्र कपाटावर ठेवले आणि दुपारी अण्णांच्या दुकानातले ब्लाऊज आणून आईशेजारी बसून हुक लावू लागले. मला ते काम येत नव्हते. आई एकेक हुक पाही, “हा वाकडा,” म्हणे, आणि मी उसवी. माझी नजर सुईवर असल्यामुळे असेल, ती बोलू लागली. न विचारता, मधूनमधून, कधी कधी वाक्य अर्धे सोडून.

त्या दुपारी मला जे कळले ते वहीच्या कोणत्याही रकान्यात बसणारे नव्हते. दुखणे ही सगळ्यात वाईट गोष्ट नव्हती. दुखण्याची सवय होते, ती म्हणाली, जशी रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजाची होते. वाईट हे की आज संध्याकाळी उद्याचे सांगता येत नाही. गिऱ्हाईक विचारते, गुरुवारी मिळेल ना? आणि बुधवारी रात्रीपर्यंत तिला ठाऊक नसते की गुरुवारी तिला हात असतील की नाही. लग्नाचे आमंत्रण येते. येते म्हणावे तर भीती, येत नाही म्हणावे तर त्या दिवशी नेमके बरे वाटते आणि लोक म्हणतात, हिला काय धाड भरली आहे. “शब्द देता येत नाही गं,” ती म्हणाली. “आम्ही शिवणारी माणसं. तारखेला कपडा दिला नाही तर काय राहिलं? हे खोटं बोलून बोलून थकले, मशीन बिघडलंय, धागा मिळाला नाही. माझं नाव कधी घेतलं नाही यांनी.”

मग तिने एक हुक हातात घेऊन पाहिला. “हा सरळ आलाय,” ती म्हणाली, आणि लगेच पुढे, “चुकून.”

औषधाने सूज हळूहळू उतरली, पूर्ण नाही. मी निघाले त्या दिवशी ती स्टेशनवर आली नाही; जिने चढणे तिला झेपणार नव्हते, आणि तिने ते सरळ सांगितले. आमच्या घरात एवढे सरळ बोलणे नवे होते. अण्णा आले. गाडी सुटेपर्यंत ते माझ्या ट्रंकेच्या कुलपाबद्दल बोलत राहिले.

आई-अण्णा मराठी बोलत, पण लिहीत कन्नड अक्षरांत. दोघांची शाळा कन्नडच. त्यामुळे वसतिगृहात येणारी आईची आंतर्देशीय पत्रे मैत्रिणींना कन्नड वाटत आणि कानडी मुलीने ती उघडली असती तर तिला त्यातले काही समजले नसते. पहिली दोन पत्रे आईच्या हातची होती, गोल आणि भरगच्च. अक्कांच्या सुनेची बातमी, दसऱ्याच्या शिलाईची गर्दी, ‘हात बरे आहेत, खरंच बरे आहेत’. मी पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा फक्त अक्षरे पाहिली.

तिसरे पत्र ऑक्टोबरात आले. पाच ओळी आईच्या होत्या. चौथ्या ओळीपासून अक्षरे मोठी होत गेली होती, पाचवी खाली उतरली होती आणि तिथे वाक्य मध्येच तुटले होते. सहाव्या ओळीपासून अण्णांचे बारीक, मापाच्या वहीतले अक्षर.

“पुढचं मी लिहितो, आई सांगते आहे. आज हात नको म्हणतोय. परवापासून असंच आहे. उजवं मनगट सुजलं आहे, सकाळी तीन तास लागतात. सोमवारी डॉक्टरांकडे जातो. मी म्हटलं हे लिहू नको, पोरगी उगाच घोर लावून घेईल, तर ती म्हणते लिहा, सगळं लिहा, तसं ठरलं आहे. वेणी मी घालतो. आई म्हणते भांग हल्ली वाकडा येतो. तो वाकडा नाही.”

ते पत्र मी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात उभी राहून वाचले. आत माझे नमुने यंत्रात फिरत होते, अजून दहा मिनिटे होती. दिल्लीत आल्यापासून मी घरी जी पत्रे पाठवली होती ती मला आठवली: काम उत्तम चालले आहे, जेवण चांगले आहे, सगळे छान.

संध्याकाळी मी खोलीत टेबलाशी बसले आणि आंतर्देशीय पत्र उलगडले. त्यांना वाचता यावे म्हणून कन्नड अक्षरांत लिहायला घेतले. आधी मनगटाबद्दल विचारले, डॉक्टरांना काय सांगायचे ते लिहिले. मग लिहिले की माझा प्रयोग तिसऱ्यांदा फसला आहे, का ते मला कळत नाही, आणि गेल्या आठवड्यात एक दिवस मी जेवलेही नव्हते.